फिल्टर काढा दहा मिनिटांत

साहित्य : चिंध्या, साखळीचा पाना, जुना फॅन बेल्ट, पॉलिश पेपर, हातोडी, छिन्नी, एक पसरट डबा आणि एक मामा. मामा कशालाही हात लावणार नाही. तो फळीवर बसून चहा पिईल आणि तुमच्याकडे बघेल. त्याच्याशिवाय हे काम होत नाही असा अनुभव आहे.

मुहूर्त : जुलैचा शेवटचा आठवडा. स्थळ : उत्तनचा किनारा. 1 जूनपासून 61 दिवस मासेमारी बंद, बोटी वर ओढून ताडपत्रीखाली, बोंबील वाळवायचे बांबू रिकामे. अर्धी टाकी डिझेल ठेवून बोट अशी पावसात उभी राहिली की टाकीतली दमट हवा पाणी सोडते. डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं आणि इंजिन चालू केलं की आधी तेच निघतं. ते आणि कचरा अडवायला फिल्टर. आतल्या घडीच्या कागदाने एक हंगाम सोसलेला असतो, आणि बाहेरच्या पत्र्याला खाऱ्या वाऱ्याने गंज चढवलेला असतो. तेव्हा फिल्टर बदलायचा. सोपं आहे, हाताने फिरवला की सुटतो.

सुटत नाही.

आता कोणत्या बाजूला फिरवायचं ते नीट वाचा. घड्याळाच्या उलट, पण खालून बघितलं तर. फिल्टर ज्यात आवळलेला असतो त्या डोक्याखाली लटकतो आणि तुम्ही इंजिनावर ओणवे होऊन वरून बघताय, म्हणजे तुमच्यासाठी सुलट. अर्धा तास घाम गाळल्यावर मामा विचारेल, "आवळतोयस कशाला रे?" या प्रश्नाला उत्तर देऊ नये.

पॉलिश पेपर खरखरीत बाजू आत ठेवून पत्र्याला गुंडाळा, पकड येते. नाही आली तर फॅन बेल्टचा फास टाकून दांड्याने पिळा. तो घसरला तर साखळीचा पाना. पाना नेहमी वरच्या कडेजवळ, आट्यांच्या चकतीपाशी लावावा. तिथे डबा मजबूत असतो. मध्यावर लावलात तर डबा भजीच्या द्रोणासारखा चेपतो आणि फिल्टर जागचा हलत नाही.

यानंतर प्रत्येक नवशिक्याला एकच कल्पना सुचते : स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकायचा आणि त्याची मूठ करून फिरवायचं. जरूर करा. पहिल्या ठोक्याला डिझेल मनगटावरून कोपरात आणि कोपरातून बनियनमध्ये येतं. दुसऱ्या हिसक्याला पत्रा कागदासारखा फाटतो. डबा तुमच्या हातात, पण आट्यांवरची चकती वरच राहते, बाटली फुटून बूच तसंच राहावं तशी. आता चकतीच्या कडेला छिन्नी तिरकी लावायची आणि हळूहळू ठोकत फिरवायची. छिन्नी वरच्या डोक्याला लागू देऊ नका. तिथे ओरखडा पडला की नवा फिल्टर जन्मभर गळतो. (रुडॉल्फ डिझेल 1913 मध्ये इंग्लंडला जाताना रात्रीतून बोटीवरून नाहीसा झाला. कारण आजवर कळलेलं नाही. मला एक शंका आहे.)

चकती सुटली की बोटाने वर चाचपा. जुनी रबरी रिंग तिथेच चिकटलेली असू शकते. ती न काढता नवा फिल्टर चढवला तर दोन रिंगांमधून इंजिन हवा ओढतं आणि भर समुद्रात बंद पडतं.

नव्या रिंगेला डिझेलचं बोट लावा, फिल्टर हाताने चढवा, रिंग टेकली की पाऊण वळसा. पाना लावायचा नाही. मग हवा काढा : वरचा बोल्ट जरा ढिला करून हातपंप मारत राहा. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग बुडबुड्यांशिवाय नुसतं डिझेल. तसाच बोल्ट आवळा. इंजिन तिसऱ्या सेल्फला लागेल.

या वेळी चार वाजलेले असतील. मामा कप खाली ठेवून सहज म्हणेल, गेल्या वर्षी हा फिल्टर कोणी बसवला होता?

तुम्हीच. पाना लावून.

मामा घरी गेला की नव्या फिल्टरकडे बघा. पाऊण वळसा फार कमी वाटतो. समुद्रात हादरे बसतात, सुटला तर? साखळीचा पाना तिथेच पडलेला आहे.