समुद्राबद्दल तक्रार नाही

अंदमानच्या समुद्राबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच सांगतो. पाण्याचा रंग माहितीपत्रकात छापला होता तोच निघाला, आणि असं आयुष्यात क्वचित घडतं. मासेही ठरल्या जागी हजर होते. तक्रार आहे ती मासा आणि माणूस यांच्यामध्ये जी व्यवस्था उभी आहे तिच्याबद्दल. 'तीन बेटं, स्नॉर्केलिंगसह, पूर्ण दिवस' असं त्या व्यवस्थेचं वर्णन असतं. त्यातला पूर्ण दिवस खरा असतो.

महाराष्ट्रातून अंदमानला जाणारा माणूस मुळात सेल्युलर जेलसाठी जातो. सावरकरांची कोठडी पाहायची, गजांना हात लावायचा, थोडा वेळ कोणाशी बोलायचं नाही. मग विमानाचं भाडं आठवतं आणि एवढ्या लांब आलोच आहोत तर समुद्रही उरकून घेऊ असं ठरतं. आमच्या बोटीवर अशीच मंडळी होती, बहुतेक साठीच्या पुढची. स्नॉर्केलिंग म्हणजे नक्की काय करतात हे त्यांना पैसे भरल्यानंतर कळणार होतं. टूर मॅनेजर पंचविशीतला. तो सर्वांना काका नाही तर मावशी म्हणायचा, आणि सर्वांना घाई करायचा.

घाईला भूगोलाचं कारण होतं. अंदमान आपल्या घड्याळाच्या रेखांशाच्या दहा अंश पूर्वेला आहे, पण घड्याळ मात्र आपलंच वापरतं. त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. हे कारण सांगून आम्हाला सहाला नाश्त्याला बसवलं. पावणेआठला आम्ही पोर्ट ब्लेअरच्या जेट्टीवर होतो. (शहराचं नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे, पण जेट्टीवर ते मी कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.) साडेनऊपर्यंत आम्ही तिथेच होतो. आधी आधार कार्डं गोळा झाली, मग एका वहीत नावं लिहिली गेली, मग ती वही दुसऱ्या वहीत उतरवली गेली. सूर्याला घाई होती, वहीला नव्हती.

मग लाइफ जॅकेट. ते आदल्या दिवशीच्या ओलीसकट मिळतं. एक पट्टा छातीवरून, एक कमरेवरून आणि एक मांड्यांमधून घ्यायचा असतो. हा तिसरा पट्टा साडी नेसलेल्या मावशींनी एकमताने नाकारला. बोटीवरच्या मुलाने दोनदा आग्रह केला, मग तो समुद्राकडे बघत राहिला. जॅकेट घातल्यावर मान वळत नाही. त्यामुळे उजवीकडे बसलेल्यांनी दिवसभर उजवीकडचाच समुद्र पाहिला.

पहिलं बेट रॉस. २०१८ च्या डिसेंबरात त्याला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचं नाव दिलं. ब्रिटिशांनी १८५८ पासून इथून अंदमानचा कारभार केला. कैद्यांच्या हातांनी चर्च, बेकरी, नाचघर, टेनिस कोर्ट असं सगळं बांधून घेतलं, आणि १९४२ मध्ये जपानी येईपर्यंत ते बेट त्यांच्याकडे होतं. आता त्या भिंती झाडांच्या मुळांनी धरून ठेवल्या आहेत. फार पाहण्यासारखी जागा आहे. ब्रिटिशांना इथे ऐंशीहून जास्त वर्षं मिळाली, आम्हाला एक तास. त्यातला निम्मा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेला आणि उरलेला हरणांसोबत फोटो काढण्यात. हरणं माणसाला घाबरत नाहीत. एकाने आमच्यातल्या एका मावशींच्या पिशवीतला चिवडा पिशवीसकट ओढला. मावशींनी हरणाला जे सुनावलं ते त्याला कळलं असावं, कारण पिशवी त्याने परत टाकली.

रॉसहून निघाल्यावर गाइडने हिंदीत घोषणा केली, की सर्वांनी वीसची नोट बाहेर काढा. हा कार्यक्रम अंदमानात सगळेच गाइड करतात. वीसच्या जुन्या लालसर नोटेमागे माड, किनारा आणि दीपगृह आहे. ते चित्र नॉर्थ बेचं. नोट हातात धरायची, समोर बघायचं आणि 'अरे वा' म्हणायचं. सर्वांनी खिसे चाचपले. निघाल्या त्या सगळ्या २०१९ नंतरच्या हिरवट-पिवळ्या नोटा, आणि त्यांच्या मागे वेरूळ. आमच्यात छत्रपती संभाजीनगरची दोन कुटुंबं होती. त्यांनी हातातल्या वेरूळकडे पाहिलं, समोरच्या बंगालच्या उपसागराकडे पाहिलं आणि काही न बोलता नोटा पाकिटात ठेवल्या. शेवटी गाइडने प्लास्टिकमध्ये बंद केलेली स्वतःची जुनी नोट काढली. ती बोटभर फिरली. चित्र काही जुळेना, कारण ते माउंट हॅरिएटच्या डोंगरावरून दिसणारं आहे आणि आम्ही पाण्यात होतो. त्या डोंगराला २०२१ पासून माउंट मणिपूर म्हणतात, कारण १८९१ च्या लढाईनंतर मणिपूरच्या राजाला आणि त्याच्या माणसांना काळ्या पाण्यावर तिथे आणून ठेवलं होतं. ही गोष्ट नोटेपेक्षा सांगण्यासारखी होती. पण तिला काही खिशातून काढावं लागत नाही, म्हणून सांगितली गेली नसावी.

नॉर्थ बेला उतरल्यावर कळलं की स्नॉर्केलिंग आमच्या पैशांत आहे, पण पाच मिनिटांचं. त्यापुढचं 'अपग्रेड' करायचं असतं. शिवाय स्कूबा, समुद्राच्या तळावर चालणं, काचेच्या तळाची बोट, जेट स्की अशी पाटी लागलेली होती. टूर मॅनेजर एकाएकी दिसेनासा झाला. प्रत्येक काकांसमोर एकेक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, इतनी दूर आए हो।" या वाक्याला उत्तर नाही. मी अपग्रेड केलं.

मग आरोग्याचा फॉर्म. हृदयविकार, दमा, रक्तदाब, फिट येणं, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया. प्रत्येकापुढे 'नाही' असं लिहायचं. माझ्या शेजारच्या काकांनी रक्तदाबापुढे 'नाही' लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि सकाळची राहिलेली रक्तदाबाची गोळी पाण्याबरोबर घेतली. फॉर्म गोळा करणाऱ्याने ते पाहिलं. फॉर्म त्याने नीट घडी घालून ठेवला.

आता मास्क. मास्क एका निळ्या पिंपात असतात. पिंपात समुद्राचंच पाणी असतं, आणि त्याला धुणं म्हणतात. पिंपातून एक मास्क निघाला, तो माझ्या चेहऱ्याला लावून पाहिला गेला आणि मुलगा म्हणाला, "सर, अंदर थूकिए।" मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण हे शास्त्र आहे. थुंकी काचेला आतून चोळली की श्वासाच्या वाफेने काच धूसर होत नाही, जगभर पाणबुडे हेच करतात. शास्त्राबद्दल वाद नाही. माझ्या आधी त्याच काचेवर किती जणांनी हे शास्त्र पाळलं असेल, एवढाच विचार मनात आला, आणि तो मग गेला नाही. श्वासाच्या नळीच्या रबरी तोंडाबद्दल तर मी विचारच करायचं नाही असं ठरवलं. ते दातांत धरायचं असतं.

मास्कमध्ये नाक बंद होतं, म्हणून श्वास तोंडानेच घ्यायचा. रोज सकाळी पार्कात आम्हाला बरोबर याच्या उलट शिकवतात, त्याचे पैसे वेगळे. तेही एक वेळ जमलं असतं. पण मला मिशी आहे. मास्कची सिलिकॉनची कड कातडीला चिकटली तरच पाणी बाहेर राहतं, आणि मिशीचे केस मध्ये आले की कड चिकटत नाही. पाणी थेंबाथेंबाने आत येतं, नाकापाशी साचतं आणि मग वर चढतं. हे साऱ्या जगाला माहीत होतं, मला सोडून. मुलाने व्हॅसलीनची डबी आणली. तिच्यात आधीच बऱ्याच बोटांच्या खुणा होत्या. मिशीला व्हॅसलीन लावून घेतलेल्या माणसाकडे त्याची बायको कशी बघते, ते मी पाण्यात उतरण्याआधीच पाहून घेतलं.

शिवाय मला चष्मा आहे, उणे चार. चष्म्यावर मास्क बसत नाही. नंबराचे मास्क मिळतात ही माहिती मला त्याच मुलाने दिली. त्यांच्याकडे नव्हते.

मी लहानपणापासून विहिरीत पोहलेला माणूस आहे. पण इथे नियम सर्वांना सारखा. पाठीवर जॅकेट, हातात रबरी चाक, आणि चाकाला धरून ओढणारा एकोणीस वर्षांचा मुलगा. जॅकेट बुडू देत नाही, चाक पोहू देत नाही आणि मुलगा थांबू देत नाही. अधूनमधून तो माझं डोकं हलकेच पाण्याकडे दाबायचा आणि ओरडायचा, "नीमो! नीमो!" मला निळ्या रंगात पिवळं काहीतरी हललेलं दिसायचं. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचाही नीमो, हिरवा पोपटमासाही नीमो. एकदा तर तळाला निपचित पडलेल्या समुद्रकाकडीलाही तो नीमो म्हणाल्याचं मला ऐकू आलं. अर्थात कानात पाणी होतं.

प्रवाळ मात्र दिसलं. एक मोठा गोल ब्रेन कोरल अगदी फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा होता. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे, ते बारीक प्राण्यांचं एकत्र बिऱ्हाड असतं. पाणी तापलं की त्यांच्यातली रंग देणारी शेवाळं निघून जातात आणि ते पांढरं पडतं. २०१० साली अंदमानात हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. मी पाहिलं त्यातलं बरंच करडं होतं. तसं मुलाला म्हटलं, तर तो म्हणाला, "कलर वीडियो में आएगा, सर।"

बाहेर आल्यावर कळलं की इतरांचंही बरं चाललं नव्हतं. अकोल्याच्या एका काकांनी स्कूबा घेतलं होतं. खाली गेल्यावर त्यांना फारच छान वाटलं, म्हणून त्यांनी अंगठा वर केला. पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे 'मला वर न्या'. त्यांना लगेच वर आणलं. ते म्हणाले, मला छान वाटत होतं. मुलगा म्हणाला, मग बोटाचं वर्तुळ करून दाखवायला हवं होतं, हे किनाऱ्यावर सांगितलं होतं. सांगितलं होतं हे खरं आहे, तेव्हा काकांच्या कानात कापूस होता. पैसे परत मिळत नाहीत, हेही तेव्हाच सांगितलं होतं.

सोलापूरच्या मावशींनी किनाऱ्यावरचा प्रवाळाचा मेलेला तुकडा तुळशीत ठेवायला म्हणून उचलला, तो गाइडने परत टाकायला लावला. इथे मी पूर्णपणे गाइडच्या बाजूचा आहे. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, मेलेल्यालाही, आणि विमानतळावर पिशव्या तपासतात. मावशींचं म्हणणं, हरणाने माझा चिवडा घेतला तेव्हा कायदा कुठे होता.

जेवताना प्रत्येकाने पाहिलेला मासा हातांनी दाखवला. सपाट काचेतून पाण्यात वस्तू साधारण तिसऱ्या हिश्श्याने मोठी दिसते, तेवढी सूट द्यायला हवी. पण वरण-भातापासून गुलाबजामपर्यंत मासे आणखी वाढले, त्याला काच जबाबदार नाही. मालवणचं एक जोडपं गप्प जेवत होतं. ते पाण्यात उतरलंच नव्हतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास हेच सगळं त्यांच्या घरासमोर चालतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. मग इथे कशाला आलात, असं विचारल्यावर म्हणाले, "त्या सीझनात घरात पाहुणे असतात."

तिसरं बेट व्हायपर. ते बोटीतूनच दाखवलं. १८७२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारणाऱ्या शेर अलीला तिथे फाशी दिलं, एवढं गाइड म्हणाला. जॅकेटमुळे मान वळली नाही, म्हणून मला ते बेट दिसलं नाही. तिकिटात मात्र तीन बेटं आहेत.

व्हिडिओ रात्री फोनवर आला. पाण्याखाली सर्वांचं जॅकेट, मास्क आणि चाक सारखंच असतं, त्यामुळे कोण कोण आहे हे सांगता येत नाही. तरीही माझ्या व्हिडिओतल्या माणसाला मिशी नव्हती. तो दोन्ही हात सोडून पोहत होता आणि त्याच्याभोवती झकास रंगीत मासे होते. मी टूर मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, काका, छान आलाय, ठेवून द्या. घरच्या ग्रुपवर टाकला. सर्वांनी कौतुक केलं. मिशीबद्दल एकानेही विचारलं नाही. ही गोष्ट मला मास्कपेक्षा जास्त लागली.

तुम्ही जाणार असाल तर जरूर जा. रॉसला तासाभरापेक्षा जास्त वेळ मागून घ्या, मिळाला तर. मास्क घरून न्या, चष्मा असेल तर नंबराचा करून घ्या. चिवडा हॉटेलवर ठेवा. आणि मिशी असेल तर ती आदल्या रात्रीच काढा, जेट्टीवर न्हावी नाही.