हिला पाणी घालायचं नाही!

मराठी घरात माया मोजतात ती वाढण्यावर. माणूस असो, मांजर असो की कुंडीतलं रोप, दारात आलं की त्याच्या पुढ्यात काहीतरी पडलंच पाहिजे. कढीपत्त्याला आंबट ताक, गुलाबाला चहाचा चोथा, मोगऱ्याला कांद्याच्या सालींचं पाणी. तुळशीला तर रोज सकाळी तांब्याभर पाणी, वर हळदकुंकू, संध्याकाळी दिवा. एवढं सगळं पचवून जे रोप जगतं, त्याच्या मालकिणीच्या हाताला गुण असतो. जे मरतं, त्याला शेजारणीची दृष्ट लागलेली असते. जास्त खाऊन मेलं, असं पंचनाम्यात कधी येत नाही.

थाइम नेमकं जास्त खाऊन मरतं.

वीतभर उंचीचं, तांदळाच्या दाण्याएवढ्या पानांचं, वर्षानुवर्षं टिकणारं हे झुडूप. मूळचं भूमध्य समुद्राकाठच्या उघड्याबोडक्या डोंगरउतारांवरचं. त्याचं जमिनीसरपट पसरणारं भावंड इंग्लंडच्या चुनखडीच्या माळांवर आपसूक उगवतं. मागण्या तीनच: दिवसभर ऊन, भुकेली जमीन आणि पायाशी पाणी न थांबणं. उणे दहा अंशांची थंडी ते अंगावर काढतं. पण हिवाळ्यात मुळं ओली राहिली की आटोपलं. शेणखत दिलंत तर तरारून वाढतं, लेचंपेचं होतं, पानांचा वास उतरतो आणि पहिल्या गारठ्यात मान टाकतं.

आम्ही राहतो लीड्सला. यॉर्कशरमध्ये पाऊस पडतो असं म्हणणं चूक आहे. पाऊस तिथला रहिवासी आहे, अधूनमधून कामानिमित्त बाहेर जातो. अशा ठिकाणी हे रोप जगवायचं तर दगडांत लावावं लागतं. लोकांना रॉक गार्डन ही शोभेची गोष्ट वाटते, पण मुळात ती निचऱ्याची सोय आहे. खाली विटांचे तुकडे, वर माती आणि बारीक खडी जवळजवळ निम्मी निम्मी, आणि त्यात दगड. दगड नुसते मांडायचे नाहीत, अर्ध्याहून जास्त गाडायचे. तेही मागे जरासे कलते, म्हणजे पाणी आत मुळांकडे उतरतं. सगळ्यांचे थर एकाच दिशेला हवेत, नाहीतर ट्रक उलटल्यासारखं दिसतं. मग दोन दगडांच्या फटीत रोप बसवायचं आणि त्याच्या गळ्याभोवती पुन्हा खडी पसरायची, कारण याचा गळा कोरडा राहिला पाहिजे.

उन्हाळ्यात सासूबाई साताऱ्याहून आल्या आणि मागच्या दारातच थबकल्या.

"हे काय गं?"

"रॉक गार्डन, आई."

"चंदीगडचं पाहिलंय मी. तिथे फुटक्या बांगड्यांच्या बाहुल्या होत्या. तुझ्या कुठायत?"

बाहुल्यांचा विषय मिटला तर दगड विकत आणल्याचं त्यांना कळलं. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या नांगरटीत वर आलेले दगड वेचून बांधावर फेकण्यात गेल्या, त्यांना हे पटवणं अवघड. "आमच्या मळ्यातले न्यायचेस. वर गाडीभाडं दिलं असतं." मी समजावलं, की इथे डोंगरातला दगड असा उचलता येत नाही. यॉर्कशरच्या फरसबंदीसारख्या दिसणाऱ्या चुनखडीच्या कातळांवरून बागांसाठी इतका दगड गेला, की १९८१ च्या कायद्यात त्या कातळांच्या संरक्षणाची तरतूद करावी लागली. म्हणून मी कुणाच्या तरी मोडलेल्या जुन्या बागेतले दगड घेतले. यातलं सासूबाईंनी नेमकं शेवटचं वाक्य धरलं. रात्री साताऱ्याला फोन लागला: "अगं, दगड घेतलेत, तेसुद्धा सेकंडहँड!"

या दगडवेडाचा महंत आमच्याच भागातला. रेजिनाल्ड फॅरर, क्लॅपहॅम गावचा. लंडनमधलं क्लॅपहॅम नव्हे, इंगलबरो डोंगराच्या पायथ्याचं. १९०७ मध्ये त्यानं 'माय रॉक गार्डन' लिहिलं आणि १९१९ मध्ये 'दि इंग्लिश रॉक गार्डन'चे दोन जाडजूड खंड काढले. दुसऱ्यांच्या बागांची टर उडवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. वाईट रॉक गार्डनचे त्यानं तीन प्रकार पाडले होते: बदाम खोचलेलं पुडिंग, कुत्र्याची समाधी आणि सैतानाची ओटी. तिसरा प्रकार म्हणजे सैतानानं ओटीत भरून आणलेले धोंडे वाटेल तिथे ओतलेत असा. तीन प्रकार वाचून मी हळूच खिडकीतून बाहेर पाहिलं. आमची समाधीत बसते, असं नवऱ्याचं मत पडलं.

त्याच काळात हेन्लीजवळच्या फ्रायर पार्कमध्ये सर फ्रँक क्रिस्प या गडगंज वकिलानं आपल्या बागेत चक्क मॅटरहॉर्न शिखराची छोटी प्रतिकृती उभारली होती. १९१४ मध्ये फॅररनं बोल्स नावाच्या मित्राच्या बागेवरच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली आणि तीत श्रीमंतांच्या दिखाऊ दगडी बागांना चिमटे काढले. क्रिस्पना ते झोंबलं. त्यांनी उत्तराचं पत्रक छापलं, आणि एलन विलमॉट या स्वतःच मोठ्या बागेच्या मालकीण असलेल्या बाईंनी ते चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनाला आलेल्या लोकांत वाटलं. प्रस्तावनेवरून भांडणं फक्त आपल्याकडे होतात, असा माझा आजवर समज होता. पुढे १९७० मध्ये तो बंगला बीटल्सवाल्या जॉर्ज हॅरिसननं घेतला, मॅटरहॉर्नसकट.

फॅररची आणखी एक कथा सांगतात. क्लॅपहॅमच्या तळ्यावरच्या उभ्या कड्यात हात पोचेना, तेव्हा त्यानं म्हणे बंदुकीत बिया भरल्या आणि कड्यावर झाडल्या. हे मी सासूबाईंना रंगवून सांगितलं.

"लग्न झालं होतं का त्याचं?"

"नाही."

"तेच."

एवढ्यावर निभावलं असतं. पण नवऱ्यानं जेवताना सहज सांगितलं, की आई, हे थाइम तुळशीच्याच कुळातलं आहे हं. माहिती खरी आहे. तुळस, पुदिना, थाइम, सब्जा ही सगळी एकाच कुळातली मंडळी. कोवळी काडी बोटांत फिरवली तर चौकोनी लागते. एवढं बोलून तो क्रिकेट बघायला निघून गेला. घरात भडका उडवायला पुरुषाला याहून जास्त बोलावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाफ्यापुढे तांब्या घेऊन सासूबाई उभ्या.

"आई, हिला पाणी घालायचं नाही!"

"तुळशीच्या माहेरची पोर दारात आणलीस आणि पाणी नाही घालायचं?"

याला बागकामाच्या कुठल्याही पुस्तकात उत्तर नाही. शेवटी तह झाला. पाणी कोपऱ्यातल्या पुदिन्याला, कारण पुदिना कितीही पाजा, आणखी मागतो. हळदकुंकू मात्र वाफ्यातल्या सगळ्यात मोठ्या दगडाला. आपल्याकडे दगडाला कुंकू लागायला फार कारण लागत नाही. कुंपणापलीकडच्या इंग्रज आजोबांनी त्या पिवळ्यालाल ठिपक्यांकडे बरेच दिवस पाहिलं आणि मग हळू आवाजात विचारलं, हे गोगलगायींसाठी आहे का? मी हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी थोडं मागितलं.

सासूबाईंचं मत बदललं ते नाकामुळे. एका दुपारी उन्हात बसल्या बसल्या त्यांनी एक काडी चुरगाळली, हुंगली आणि ओरडल्या, "अगं, हा तर ओवा!" अगदी बरोबर. थाइममध्ये थायमॉल असतं आणि ओव्यातही तेच. कास्पर न्यूमननं १७१९ मध्ये ते थाइममधून वेगळं काढलं. पण पहिल्या महायुद्धाआधी जर्मनीतले कारखाने थायमॉल बनवायचे ते आपल्याकडून नेलेल्या ओव्यापासून. जंतुनाशक म्हणून त्याला मोठी मागणी होती. युद्ध पेटलं तसा जर्मनांचा ओवा बंद झाला. बाळंतिणीला ओव्याची धुरी देणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. सासूबाईंनाही वाटलं नाही. "जर्मनांना पोटदुखी नसते का?" एवढंच त्या म्हणाल्या.

मग त्यांना साताऱ्याच्या अंगणातला पानओवा आठवला आणि पानओव्याची भजी आठवली. थाइमच्या पानाचं भजं करायला घड्याळजी बोलवावा लागला असता. म्हणून थालीपीठ ठरलं. काडी शेंड्याला धरायची आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं बुडाकडे ओढत न्यायची, की पानं झरझर सुटून ताटलीत पडतात आणि हातात नुसती तार उरते. ती पानं भाजणीत, वर कांदा, तिखट, मीठ. तव्यावर थापून मधे भोकं पाडून तेल सोडलं आणि सगळ्या घरात असा वास सुटला, की क्रिकेटवाला उठून आला. ओव्याचा तिखा झणका त्यात नाही, पण मागून एक रानवट चव येते. मी तर म्हणेन, भाजणीला ओव्यापेक्षा हेच बरं. सासूबाईंना हे मान्य नाही, मात्र दुसरं थालीपीठ त्यांनी मागून घेतलं.

तेव्हापासून तो वाफा त्यांचा मिसळणाचा डबा झाला. त्यात एक लिंबाच्या वासाचं थाइम आहे. एक कोर्सिका-सार्डिनियाकडचं, त्याला शहाजिऱ्याचा वास येतो; ते मसालेभातात गेलं. एवढी खुडणी झाल्यामुळे रोपं गोल, दाट राहिली. फुलं ओसरल्यावर कात्री लावावी लागतेच, नाहीतर मधून टक्कल पडतं. फक्त खालच्या जून लाकडाला हात लावायचा नाही, तिथून पुन्हा पालवी येत नाही. सरपटणाऱ्या फांद्या खडीला टेकतात तिथे आपणच मुळं धरतात. तो तुकडा कापून दुसऱ्या फटीत खोवला की झालं.

यंदा कात्री चालवता चालवता मी त्यांना 'लार्ज ब्लू' या निळ्या फुलपाखराची गोष्ट सांगत होते. ते थाइमच्या कळ्यांवर अंडी घालतं. सुरवंट तीनेक आठवडे फुलं खातो, मग जमिनीवर उडी टाकतो आणि एका जातीच्या लाल मुंगीला आपण तिचंच पोर आहोत असं भासवतो. मुंगी त्याला उचलून वारुळात नेते. तिथे तो दहा महिने राहतो. १९७९ मध्ये हे फुलपाखरू ब्रिटनमधून नाहीसं झालं, आणि त्याला हातभार लावला काळजीनं. फुलपाखरं पकडणाऱ्यांपासून वाचवायला माळाला कुंपण घातलं, तर गुरं चरायची थांबली. सशांना रोगानं खाल्लं होतंच. गवत वाढलं, जमीन थंड पडली आणि ऊन लागणारी ती मुंगी गेली. १९८३ मध्ये स्वीडनहून नवी अंडी-सुरवंट आणले आणि पुन्हा गुरं चरायला सोडली, तेव्हा कुठे जमलं.

सासूबाईंचं लक्ष गुरांकडे नव्हतं.

"म्हणजे मुंगी स्वतः उचलून घरात नेते?"

"हो."

"आणि दहा महिने जेवायला घालते?"

"जेवायला कसलं, आई. तो तिची पोरं खातो."

"तिला कळत नाही?"

"वास घरच्यासारखा येतो ना."

त्या काड्या निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "यांच्या मावसबहिणीचा दीर राहिला होता आपल्याकडे, बी.एड. करायला. जाताना मिक्सर घेऊन गेला. एसटी स्टँडवर पोचवायला आम्हीच गेलो होतो, वर वाटेत खायला दशम्या बांधून."