पत्रिकेखालची भावकी

२००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमवर दावा ठोकला: आमचा कोड तुम्ही लिनक्समध्ये घुसवलात. कोणती ओळ कुणाच्या हातून आली, याचा पुरावा असावा म्हणून २००४ मध्ये लिनक्सचा जनक असलेल्या लिनस टोरवाल्ड्सने कमिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या नोंदीच्या, तळाशी 'साइन्ड-ऑफ-बाय' ही सहीची ओळ आणली. हेतू रास्तच होता. पण लग्नपत्रिकेत एका काकांचं नाव छापलं की उरलेले रुसतात. मग आले रिव्ह्यूड-बाय, टेस्टेड-बाय, रिपोर्टेड-बाय, सजेस्टेड-बाय. त्यात 'अ‍ॅक्ड-बाय' सर्वांत धूर्त: पाहिलंय, हरकत नाही, पण सगळंच पाहिलंय असं समजू नका!

'फिक्सेस' ही ओळ मात्र खरी कामाची. जिच्यामुळे घोळ झाला त्या जुन्या कमिटच्या हॅशची, म्हणजे ओळखक्रमांकाची, निदान १२ अक्षरं त्यात असतात, आणि दुरुस्ती कुठल्या जुन्या आवृत्त्यांत न्यायची ते त्यावरून कळतं.

२०१४ मध्ये या कमिट सांभाळणाऱ्या गिटने तळाच्या अशा ओळींसाठी 'इंटरप्रिट-ट्रेलर्स' अशी स्वतंत्र आज्ञाच दिली. हे लोण आता आपल्या हिंजवडीपर्यंत आलंय. तिकीट क्रमांक हवा, तपासनीस हवा. नाहीतर कमिट तपासणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे हूक, ती परत पाठवतो. हूक तपासतो फक्त साचा. त्यामुळे तळाला सहा ओळींचा सरंजाम आणि वर मजकूर काय, तर 'फिक्स'. दुसऱ्या दिवशी 'फिक्स २'. शुक्रवारी संध्याकाळी 'आता नक्की फिक्स'.

बदल का केला, हे विचारणारा हूक अजून कुणी लिहिलेला दिसत नाही. सही काय, 'कमिट'पुढे 'मायनस एस' लावलं की आपोआप उमटते.