होपियाचं जन्मगाव

पाथरीच्या माणसासमोर कुठल्याही गोष्टीचं जन्मस्थान काढू नये. त्या विषयात आमचा अनुभव दांडगा आहे. इतिहासकार फरिश्ता लिहितो, की अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज मूळचे पाथरीचे कुलकर्णी. पुढे बुरहान निजामशहाला वाटलं, आपलं मूळ गाव आपल्या ताब्यात असावं. पाथरी तेव्हा वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. ‘याहून जास्त वसुलाचा मुलूख घ्या, पण पाथरी द्या,’ असा निरोप त्याने धाडला. इमादशहा ऐकेना. मग १५१८ मध्ये बुरहानने फौज आणून गाव घेतलंच. जास्तीचा वसूल सोडून पाथरी मागणारा असा माणूस त्यानंतर आमच्या पाहण्यात नाही.

पुढे पाचशे वर्षांनी, जानेवारी २०२० मध्ये, मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीच्या विकासाला शंभर कोटी जाहीर केले आणि त्याच्या निषेधार्थ १९ जानेवारीला तिकडे शिर्डी बंद झाली. त्या आठवड्यात आमच्याकडे चहाच्या टपरीवर बसलेला प्रत्येक जण इतिहासकार होता. उधारी मागायला आलेला सुद्धा आधी पुरावे ऐकून मगच पैशांचं काढायचा.

त्यामुळे भाच्याने होपिया नावाच्या फिलिपिनी पक्वान्नाचा विषय घरात काढला आणि आईने चवीच्या आधी गाव विचारलं, यात नवल काही नाही.

भाचा फिलिपाइन्समध्ये, दाव्हाओला डॉक्टरकी शिकतो. नीटचे मार्क थोडे खाली आले की मराठवाड्यातल्या आईबापांचा भूगोल एकदम सुधारतो. रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया, फिलिपाइन्स; ज्यांनी आयुष्यात हिंगोलीच्या पुढे तिकीट काढलेलं नाही, ते मनिलाला जाताना विमान सिंगापूरला बदलावं की क्वालालंपूरला, यावर तासभर बोलतात. भाच्याचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. आई रात्री नवाच्या मालिकेनंतर ‘जेवलास का रे लेकरा’ म्हणून फोन लावते, तेव्हा तिकडे मध्यरात्र होत आलेली असते. तोही बिचारा झोपेत ‘हो आजी, दोन पोळ्या’ म्हणून ठोकून देतो. दाव्हाओत पोळी कोण लाटतं, हे आईने कधी विचारलं नाही.

२०२३ साली श्रावण अधिक आला. आमच्याकडे अधिकाला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, जावयाच्या हातावर तेहतीस अनारशांचं वाण ठेवायचं. जावयाला आपल्यात दहावा ग्रह म्हणतात. अधिकात तो उच्चीचा असतो. तर अक्का, दाजी आणि सुट्टीवर आलेला भाचा असे तिघे आले. भाच्याच्या बॅगेत आमच्यासाठी होपियाचं एक पाकीट होतं. ते त्याने बाहेर काढलं नाही. मला अंगणात बोलावलं, आवाज अगदी खाली आणला आणि सांगितलं, की गाडीत मानवत रोड यायच्या सुमाराला सहज म्हणून त्याने पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली, आणि त्यात डुकराची चरबी निघाली. जुन्या पद्धतीच्या होपियाला ती लागतेच. पापुद्रे सुटतात ते तिच्यामुळे.

आमच्या गल्लीत एका बाजूला आमचं घर, दुसऱ्या बाजूला भाभींचं. असं पाकीट उघडलं तर दोन्ही घरांचं एकमत व्हायला वेळ लागला नसता. पण मामीला चव दाखवायचा शब्द तर देऊन बसलेला. तेव्हा घरीच करू, साजूक तुपात करू, असं ठरलं. बनी तो बनी, नहीं तो परभणी. (त्या पाकिटाचं पुढे काय झालं, हे या लेखाच्या कक्षेत येत नाही.)

आईने विचारलं, “कुठलं म्हणायचं हे?”

भाचा खरं बोलायला गेला. म्हणाला, मूळ चीनच्या फुजियान प्रांतातल्या लोकांचं. ते व्यापाराला मनिलात आले, तिथं बिनोन्दो नावाची चिनी वस्ती स्पॅनिश लोकांनी १५९४ मध्ये वसवली, आणि होपिया तिथलं म्हणून प्रसिद्ध झालं. पण अगदी तसलंच इंडोनेशियात, योग्याकार्तातही मिळतं. तिथं त्याला बकपिया म्हणतात.

“म्हणजे नक्की नाही,” आई म्हणाली.

“तसं नाही आजी...”

“तीन गावं सांगतोस, म्हणजे नक्की नाहीच. आत काय भरतेत?”

“मूगडाळ. साखर घालून.”

आईने हातातली वात खाली ठेवली. “कामून? कुणाला ताप आलाय का?”

इथे भाच्याच्या सगळ्या परदेशी शिक्षणाचा कस लागला. मूगडाळ म्हणजे आमच्याकडे पथ्य. ती माणूस दवाखान्यातून घरी आल्यावर खातो, किंवा सून माहेरी गेल्यावर सासरा खातो. जावयाला धोंड्याच्या जेवणात मूगडाळ म्हणजे सरळसरळ सोयरिक तोडायची भाषा. भाच्याने सांगून पाहिलं, की तिकडे मुगाला फार मान आहे. शुक्रवारी बहुतेक घरांत मुगाचंच कालवण असतं, कारण कॅथलिक लोक उपवासाच्या शुक्रवारी मांस खात नाहीत. शुक्रवार म्हटल्यावर आई जरा सैल झाली. श्रावणातल्या शुक्रवारी आपल्याकडे जिवतीची पूजा, पुरणाचे दिवे. “देवाचा वार बरोबर धरलाय त्यांनी. डाळ चुकली,” एवढी सूट तिने दिली.

मग भाच्याने हुकमाचं पान टाकलं. मुगाची शेती जगात पहिल्यांदा आपल्याच भारतात झाली आणि इथून मूग पूर्वेकडे गेला, असं वनस्पतीशास्त्रवाले सांगतात. हे खरंच आहे. आईने ते ऐकलं, क्षणभर मनाशी जुळवलं आणि निकाल दिला: “मग आपलंच की ते. गेलं होतं, परत आलं.” १५१८ साली बुरहानला एवढ्या सोप्या रीतीने काम उरकता आलं असतं तर फौजेचा खर्च वाचला असता.

आता कृती. होपियात दोन पिठं लागतात. एक बाहेरचं: मैदा, पाणी, थोडं तूप, चिमूटभर साखर, मीठ, हे मऊ मळून झाकून ठेवायचं. दुसरं आतलं: मैदा आणि नुसतं तूप, पाण्याचा थेंब नाही. पहिलं लाटायचं, त्यावर दुसरं पसरायचं, घट्ट गुंडाळी करायची आणि तिचे तुकडे करायचे. भाचा हे मोबाइलवर चित्रफीत लावून समजावत होता. बायकोने अर्ध्यातच मोबाइल उलटा ठेवला. “अहो, हा साटा आहे. दर दिवाळीला चिरोट्यांना लावते तो.”

झालं. त्या क्षणापासून भाच्याचा अधिकार संपला. बायकोने परातीत तूप घेतलं आणि तळहाताने गोल गोल फेसायला सुरुवात केली. तूप आधी पिवळं, मग दुधाळ, मग पांढरं झालं. त्यात ती चिमटी चिमटीने पीठ घालत गेली. भाचा म्हणाला, यात मैदाच घालतात. बायको म्हणाली, साट्याला तांदळाची पिठीच लागते. मग वाटीत पाणी घेऊन बोटावरचा साट्याचा कण तिने त्यात सोडला. तो तळाला न जाता वर तरंगला. “झाला,” ती म्हणाली. भाच्याने विचारलं, हे चित्रफितीत का दाखवत नाहीत? त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. गुंडाळी कापल्यावर सुरीखाली एकात एक अशी बारीक वर्तुळं दिसली, तेव्हा मात्र तोही गप्प बसून बघत राहिला.

मुगाचं पुरण हा वेगळा खटला. भाच्याच्या मते शिजलेली डाळ काट्याने ठेचली की पुरे. आईच्या मते पुरणयंत्रातून न गेलेल्या पुरणाला पुरण म्हणणं हा त्या यंत्राचा अपमान आहे, आणि जावयाच्या दाताखाली डाळीचा दाणा आला तर आपलं नाक जागेवर राहत नाही. पाव किलो डाळ, त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त साखर, मंद आच. शेवटी उलथणं मधोमध उभं केलं आणि ते पडलं नाही, तेव्हा गॅस बंद झाला. वेलदोडा कुणी घातला ते कळलं नाही. जायफळ आईने घातलं, हे आम्हा सगळ्यांना दिसलं.

पण मूगडाळ बेताच्या पाण्यात शिजवलेली. आईने पातेलं वाकडं करून पाहिलं. “कट कुठंय?”

“कट नसतो यात, आजी.”

“मग आमटी कशाची करायची?”

या प्रश्नाला फुजियान, बिनोन्दो आणि योग्याकार्ता मिळून उत्तर नाही. ज्या पदार्थातून आमटी निघत नाही तो पदार्थ अर्धाच, हे आईचं मत. आणि खरं सांगायचं तर माझंही तेच आहे. पुरणपोळीच्या जन्मावरून मराठी, कन्नड, तेलुगू, गुजराती लोक कितीही भांडोत, कटाच्या आमटीच्या बाजूने बोलायला मी कुठल्याही सभेत उभा राहीन.

भाजायला घरात ओव्हन नाही. पण पाथरीत त्यावाचून अडत नाही. घरचा रवा-मैदा-तूप देऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायची पद्धत इथे जुनी आहे. त्यासाठी ईदेच्या आधी भाभींचा आणि दिवाळीच्या आधी आमचा नंबर एकाच बाकड्यावर लागतो. ट्रे डोक्याएवढ्या उंचीवर धरून मी निघालो. भाच्याने सांगून ठेवलं होतं, की भट्टी एकशेऐंशी अंशावर पाहिजे. बेकरीवाले चाचा म्हणाले, “अंश-बिंश तुमारे कॉलेज में.” त्यांनी भट्टीच्या तोंडात हात घातला, मनात काही मोजलं, हात काढला आणि जळतं लाकूड बाजूला सारलं. मग वरून दूध फासलेले आमचे गोळे निरखून पाहिले. (मूळ कृतीत अंडं फासतात. अधिक महिना असल्याने तो मुद्दा चर्चेला आलाच नाही.)

“ये तो खारी का भाई है,” चाचा म्हणाले. “भीतर क्या भरे?”

“मूगडाळ.”

“बीमार है क्या घर में कोई?”

मी म्हटलं, फिलिपाइन्सचं आहे. त्यांनी लांब दांड्याच्या फावड्याने ट्रे आत सरकवला आणि म्हणाले, “नइ नइ. मेरे वालिद बनाते थे. उसमें चने की दाल रहती थी.” आणखी एक दावेदार. मी काही बोललो नाही. दावा नाकारला तर तो वाढतो, हा आमच्या गावाचा धडा आहे.

होपिया चांगले फुलले. तांबूस रंग आला. वरचा पापुद्रा हात लावताच सुटायचा आणि शर्टावर पडायचा. दाजींच्या ताटात धोंड्यांच्या शेजारी ते वाढले गेले. दाजींनी एक उचलला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारलं, “तूप कशात ओतायचं?” प्रश्न रास्त होता. होपियाला तूप ओतायला जागाच नसते. तो चहा-कॉफीबरोबर खायचा जिन्नस. आईने अंगठ्याने त्याच्या डोक्यावर खळगा पाडला आणि त्यात तुपाची धार सोडली. दाजी खाऊ लागले. पुन्हा मागितला. दहावा ग्रह अनुकूल झाला, असं अक्काच्या चेहऱ्यावर दिसलं.

भाच्याला आता चेव आला. तो सांगायला लागला, की मनिलात ‘एंग बी टिन’ म्हणून १९१२ पासूनचं दुकान आहे. त्यांनी होपियात मुगाऐवजी उबे, म्हणजे आपल्या कोनफळासारखा जांभळा कंद भरला आणि दुकान असं चाललं, की मालकाने पुढे जांभळ्या रंगाचे आगीचे बंब उभे केले. ते खरोखर बिनोन्दोत आग विझवायला धावतात.

“जांभळे बंब?” दाजींनी विचारलं.

“जांभळेच.”

“इथं लालही वेळेवर येत नाही,” दाजी म्हणाले आणि धोंड्याकडे वळले.

जेवणं झाल्यावर आईने भाच्याला समोर बसवलं आणि पुढच्या वेळी काय सुधारायचं ते सांगितलं. मूगडाळ काढायची, हरभऱ्याची घालायची, म्हणजे कट निघेल. साखरेऐवजी गूळ. मैद्याऐवजी कणीक, मैदा पोटाला बाधतो. एवढं जाड ठेवायचं नाही, पातळ लाटायचं. आणि बेकरीत कशाला जायचं, तव्यावर होतं. भाच्याने शहाण्या विद्यार्थ्यासारखं सगळं टिपून घेतलं. हे टिपण म्हणजे काय झालं, हे ओळीच्या शेवटापर्यंत त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. बायको पदराआड हसत होती. त्याने ते ‘सुधारित होपिया’ म्हणून, फोटोसकट, दाव्हाओच्या घरमालकीण बाईंना पाठवूनही दिलं.

उत्तर पाच मिनिटांत आलं. मोबाइल टणटणला तशी आई म्हणाली, “काय म्हणती बाई? वाच की.”

“छान दिसतंय म्हणते.” भाचा वाचता वाचता सांगत गेला. “पण विचारते, की यात चरबी कुठंय...” आणि थांबला.

“कसली चरबी?”

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं.

“अंगात असते ती, आजी,” तो म्हणाला. “आमच्या डॉक्टरकीतला विषय आहे.”

“मग कुठंय काय विचारती?” आई उठता उठता म्हणाली. “विमानात बसल्यापासून तुझ्याच अंगात चढलीय म्हणावं.”