फियाटवाले काका

रत्नागिरीत, म्हणजे नाचणे, शिरगाव, मिरजोळे, भाट्ये या पट्ट्यात, जुनं घर आणि ऐसपैस आवार असलं की तीन गोष्टी हमखास आढळतात: हापूसची कलमं, विहीर आणि एक न चालणारी गाडी. पहिल्या दोन घर चालवतात, तिसरी स्वतःसुद्धा चालत नाही. ही गाडी बहुधा फियाट असते. घराण्यात जुना पैसा असेल तर पन्नासच्या दशकातली ‘डुक्कर फियाट’, त्याखालोखाल साठच्या दशकातली डिलाइट, आणि पैसा मागाहून आला असेल तर १९७४ नंतरची पद्मिनी. टायर केव्हाच बसलेले, खाली आधाराला चार चिरे, डिकीत नारळाची सोडणं, मागच्या सीटवर आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि मे महिन्यात बॉनेटवर आंबापोळीची ताटं. तिच्या मालकाला सोयीसाठी फियाटवाले काका म्हणू. ते निवृत्त शिक्षक असतील, बँकेतले असतील, डॉक्टर असतील किंवा निव्वळ बागायतदार; त्याने फरक पडत नाही. कारण गाडीकडे नजर गेलेल्या प्रत्येक पाहुण्याला ते जे ऐकवतात, ते तालुकाभर अक्षरशः सारखं असतं: “इंजिन एक नंबर आहे हो. बॉडीचंच काय ते थोडं काम आहे.”

या वाक्यामुळे काकांना थापाडे ठरवणं अन्यायाचं होईल. इंजिनाबद्दल ते बरेचसे खरं बोलतात. फियाटचं १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन साधं आणि सोशिक. वर्षानुवर्षं उभं राहून जाम झालेलं असलं तरी प्लगच्या भोकांतून तेल सोडावं, ते मुरू द्यावं आणि पुली हाताने हळूहळू फिरवावी, पुष्कळदा सुटतं. नाहीच सुटलं तर बोअर करून नवे पिस्टन-रिंग बसवता येतात. एखादा भाग मिळतच नसेल तर आंबा घाट चढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात तो घडवून देणारा कुणीतरी लेथवाला भेटतोच. शिवाय मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी कित्येक दशकं हीच गाडी होती, त्यामुळे इंजिनाचे सुटे भाग लोकांच्या हौसेपेक्षा टॅक्सीवाल्यांच्या पोटापाण्याने बाजारात टिकले. गोची आहे ती वाक्याच्या उत्तरार्धात. फियाटला जीपसारखी वेगळी चासी नाही. फ्लोअर, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छत मिळूनच तिचा सांगाडा होतो. विलीज जीपची बॉडी सडली तर ती उतरवून बाजूला ठेवता येते, खाली चासी शिल्लक राहते. फियाटचा फ्लोअर आणि त्या पट्ट्या गेल्या की उरतं फक्त इंजिन. ते एक नंबरचं असेलही, पण त्याला बसायला जागा नसते.

आणि हा पत्रा सडवायला रत्नागिरीइतकी योग्य जागा शोधून सापडायची नाही. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो थांबला की मिऱ्याकडून येणारा खारा वारा. लोखंड गंजायला हवा आणि पाणी पुरतं. त्यात मीठ मिसळलं की काम झपाट्याने होतं, कारण गंजणं ही मुळात विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने चालणारी क्रिया आहे आणि खारट ओलाव्यातून तो प्रवाह सहज वाहतो. इथला जांभा तांबडा आहे तो लोहाच्या ऑक्साइडमुळे, आणि मडगार्ड तांबडं होतं तेही त्याच कुळातल्या संयुगांनी. तेव्हा रत्नागिरीत गाडी गंजते असं म्हणण्यापेक्षा ती हळूहळू स्थानिक होते, असं म्हणणं शास्त्राला अधिक धरून होईल. काका यावर निळ्या ताडपत्रीचा उपाय करतात. ताडपत्री चारी बाजूंनी जमिनीपर्यंत सोडून सुंभाने आवळून बांधतात आणि गाडीची काळजी घेतल्याच्या समाधानात आत जातात. खालून मातीची वाफ, वरून हवाबंद प्लास्टिक, अशी आतल्या आत गाडी घामाने भिजत राहते. पडवीत वारा लागेल अशी उघडी ठेवलेली गाडी तिच्यापेक्षा कितीतरी जास्त टिकते. “पण आता असा जाड पत्रा कुठे मिळतो?” हा काकांचा यावरचा बिनतोड मुद्दा. जाडी मान्य, पण गंजाला जाडीचं भय नसतं, फक्त वेळ थोडा जास्त लागतो, आणि वेळ काकांनी त्याला भरपूर दिलेला आहे. आजच्या बहुतेक गाड्यांचा सांगाडा कारखान्यातच गंजरोधक रंगात बुडवून काढतात. काकांच्या गाडीच्या पोकळ पट्ट्यांना आतून रंगाचं बोट लागलं असेल तर नशीब.

म्हणून गाडी दुरुस्त करण्याच्या लायकीची आहे की नाही, हे ठरवायची जागा बॉनेटखाली नाही, पायाखाली आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचं रबरी मॅट उचलावं. तिथे कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हरची मूठ आपटली की ‘ठण्’ आवाज आला पाहिजे. ‘खस्’ आवाज आला आणि तांबड्या पापुद्र्यांचा चुरा खाली सांडला, तर टोकाकडून थोडं दाबून बघावं; कधी कधी टोक थेट खालच्या चिऱ्याला जाऊन टेकतं. मग फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांखालच्या पट्टीवरून फिरवावं. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नसून मागच्या कुठल्यातरी दिवाळीत भरलेली पुट्टी आहे असं समजावं. शेवटी जॅक लावून एक बाजू उचलावी आणि दारं उघडून पुन्हा लावून बघावीत. उचललेल्या गाडीची दारं लागत नसतील, तर सांगाडा मधोमध वाकतोय. ही सगळी तपासणी एका सकाळचं काम आहे. काकांकडे सकाळी पुष्कळ असतात, जॅक असतो, चुंबकही असतं. तरी ते मेस्त्रीला बोलावतात तेव्हा बॉनेटच उघडून दाखवतात. मॅट उचलायला सांगणारा मेस्त्री त्यांना उद्धट वाटतो. व्यवहारी मेस्त्री हे ओळखून असतो. तो कार्बोरेटरकडे आदराने बघतो, “होईल, होईल,” म्हणतो, चहा घेतो आणि पुन्हा येत नाही.

मग काम सुरू कधी करायचं, हा प्रश्न येतो, आणि इथे काका नुसती चालढकल करतात हा आरोप टिकत नाही, कारण त्यांचं प्रत्येक कारण खरं असतं. पावसात रंग मारता येत नाही. दमट हवेत त्यावर पांढुरकी झाक येते, हे कोणताही पेंटर सांगेल. पाऊस सरताना गणपती, तेव्हा मुंबईकर येणार. दिवाळीनंतर मोहोर, म्हणजे फवारणी आणि राखणदारी. मार्चच्या सुमारास शिमगा, पालखी घरी येणार. एप्रिल-मे आंबा. आंबा उरकला की आगोट: लाकडं भरा, कौलं चाळा, गडगे बघा. आणि आगोटीतल्या कामांच्या यादीत गाडीसाठी एकच काम असतं, तिच्यावर नवी ताडपत्री घालणं. कोकणच्या पंचांगात गाडी रिस्टोर करण्याचा मुहूर्तच दिलेला नाही, त्याला काका काय करणार? एवढंच, की गंजाला यातली कुठलीही रजा लागू होत नाही. काका ज्याला ‘अजून ठरवलं नाही’ म्हणतात, तो निर्णय दर जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस त्यांच्या वतीने थोडा थोडा घेत असतो.

समजा, फ्लोअर शाबूत निघाला. मग दुसरी तपासणी कागदांची, आणि ती गंजापेक्षा कठीण असते. आरसी बुक असेल तर ते बहुधा आजोबांच्या नावावर असतं. मालक वारला तर वारसाने तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. इथे आजोबांच्या वर्षश्राद्धालाही हा विषय निघालेला नसतो. त्यातून कोकणात काहीही एकट्याचं नसतं. एक भाऊ डोंबिवलीला, दुसरा बडोद्याला, एक आत्या सांगलीला. गाडीकडे कुणी ढुंकून बघत नाही, पण सही मागितली की प्रत्येकाला तिच्यातला आपला वाटा आठवतो. जमिनीच्या सातबाऱ्यावर जे सामाईक नाट्य चालतं, तेच इथे चार चिऱ्यांवर चालतं. पुढे नोंदणीचं नूतनीकरण. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग दर पाच वर्षांनी तपासणी. २०२२ मध्ये मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० झालं आणि फार जुन्या गाड्यांसाठी पुढे आणखी चढलं. पर्यावरण कर निराळा. हा खर्च आधी मांडावा आणि रंगाची छटा मागाहून निवडावी. काका छटेपासून सुरुवात करतात.

इथे काका हुकमाचा पत्ता टाकतात: विंटेज गाड्यांना आता सोन्याचा भाव आहे. भाव आहे, पण तो कुठल्या गाडीला, हे बघितलं पाहिजे. जुलै २०२१ मध्ये केंद्राने केलेल्या नियमांप्रमाणे विंटेज म्हणवून घ्यायला गाडीच्या पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षं झालेली हवीत, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला नको. नोंदणीचे २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आणि खरी मेख पुढे आहे: अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. म्हणजे मारुती मंदिरच्या सर्कलला फेरी मारून ओळखीच्यांना हात करायचा, हे काकांचं सगळ्यात जुनं स्वप्न नेमकं नियमाबाहेर जातं. त्यातून तिच्यात एसी आणि पॉवर स्टीअरिंग बसवण्याचाही त्यांचा बेत असतो, तेव्हा मूळ रूपाची अट ते स्वतःच मोडणार. राहिला दुर्मिळतेचा मुद्दा. या कुळातल्या गाड्या पन्नासच्या दशकापासून शतक संपेपर्यंत बनत होत्या; भाव मिळतो तो मूळ काचा, ग्रिल, क्रोमच्या पट्ट्या आणि सरळ कागद असलेल्या गाडीला. आणि पद्मिनी टॅक्सीही ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. ज्या धंद्याने सुटे भाग टिकवले तो धंदाच संपल्यावर ते दिवसेंदिवस दुर्मिळच होणार. पूर्ण सडलेली पद्मिनी नीट करायला लागणारे लाख-दीड लाखांच्या पुढचे आकडे विकताना परत येतील, असा हिशेब करणाऱ्याने आंब्याचा हिशेब काकूंकडेच ठेवावा.

खरा भक्कम आक्षेप पैशाचा नाहीच, मायेचा आहे. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू होण्याआधी मुंबईहून गावी येणं म्हणजे बहुधा एस.टी. किंवा ही गाडी. कशेडी घाटात रेडिएटर उकळला की तिला झाडाखाली उभी करून ओढ्याचं पाणी आणायचं, सहा-सात माणसं तिच्यात मावायची, गणपतीही तिच्यातूनच घरी यायचा. “असा हिशेब करायचा तर मग थिबा पॅलेसही पाडा,” असं काका म्हणतात, तेव्हा क्षणभर उत्तर सुचत नाही. पण उत्तर आहे. १९१० साली बांधून झालेला तो राजवाडा उभा आहे तो ब्रह्मदेशच्या पदच्युत राजाबद्दलच्या हळहळीमुळे नव्हे. राजा १९१६ मध्ये वारला, पण वास्तू सरकारी वापरात राहिली, पुढे तिच्यात संग्रहालय आलं. छत गळलं तर ते बघणं हे कुणाचं तरी काम राहिलं. वस्तू जपते ती निगराणी. माया फक्त निगराणीचा खर्च करायला लावते, आणि तेवढं तिने केलं तर ती माया खरी. आजोबांच्या आठवणीसाठी लाखभर रुपये घालणं हा शुद्ध शहाणपणा असू शकतो, फक्त त्याला गुंतवणूक म्हणू नये. लग्नात जेवणावळ घालताना नफा किती होईल हे कुणी विचारत नाही.

या सगळ्या प्रकरणात एकाच व्यक्तीचं मत स्पष्ट असतं, ते काकूंचं. त्या गाडीला नावं ठेवत नाहीत. तापलेल्या बॉनेटवर आंबापोळी लवकर वाळते, टपावर आमसुलं निर्धास्त राहतात, मागच्या सीटखालच्या पोकळीत कोंबडी बिनबोभाट अंड्यांवर बसते. काकूंच्या हिशेबात ती कामातली वस्तू आहे. काकांच्याही हिशेबात ती कामातलीच आहे, आणि त्यांच्या न ठरवण्याचं मूळ इथे सापडतं. भंगारात काढली तर ते चारचौघांसारखे एक निवृत्त गृहस्थ होतील. दुरुस्त केली तर तिला पेट्रोल घालावं लागेल, स्टीअरिंगखालचा गिअर आठवावा लागेल आणि ती साळवी स्टॉपच्या चढावर बंद पडली तर लोक बघतील. जोवर ती ‘करायची आहे’, तोवर काका एका क्लासिक गाडीचे मालक, तंत्रज्ञ आणि इतिहासकार असतात, तेही दरसाल एका ताडपत्रीच्या खर्चात. इतक्या स्वस्तात एवढी प्रतिष्ठा देणारी दुसरी वस्तू बाजारात नाही.

पण ही प्रतिष्ठा ज्या पत्र्यावर उभी आहे तो पत्राच संपत चालला आहे, म्हणून काकांनी न्याय मागितला तर तो असा द्यावा लागेल. फ्लोअर वाजतो, दारं लागतात आणि भावंडं सही देतात, अशी गाडी असेल तर मायेचा खर्च मायेच्या खात्यात मांडून या दिवाळीनंतर, मोहोराची फवारणी चुकवून का होईना, काम काढावं. तिन्हींतलं पहिलंच नसेल, तर काचा, दिवे, ग्रिल आणि ते इंजिन ज्याचा फ्लोअर शाबूत आहे अशा दुसऱ्या फियाटवाल्याला द्यावं आणि सांगाडा रीतसर भंगार केंद्रात घालून नोंदणी रद्द करावी. एकाच्या सुट्या भागांवर दुसरी चालू लागणं ही गाड्यांच्या जगातली सद्गती आहे. आणि यातलं काहीच करवत नसेल, तर काकांनी निदान ती ताडपत्री तरी काढून टाकावी. गाडीला वारा लागेल आणि काकूंना आंबापोळीला जागा वाढेल.