मान सैन्याचा, जाब नेत्याचा

हरलेल्या वीरांवर मराठी माणसाचा फार जीव. पानिपत म्हटलं की आवाज जड होतो, पुरंदरच्या मुरारबाजीचं नाव निघालं की ऊर भरून येतो. यात गैर काहीच नाही. गैर आहे ते पुढचं. जे सैन्य शेवटपर्यंत उभं राहिलं आणि ज्यांच्यामुळे त्याच्यावर ती वेळ आली, त्या दोघांना आपण एकाच हारात ओवतो. मला हे पटत नाही. मान लढलेल्याचा. त्याला एकटं सोडणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे, मग ते घराणं कितीही मोठं असो.

लांब जायला नको, वाकोल्यातच उभे राहू. वाकोला, कलिना, कुर्ला ही जुन्या साष्टी बेटावरची गावं. 1737 साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत ठाणं पडलं आणि साष्टी पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आली. पुढची 37 वर्षं इथला सारा पुण्याला जात होता. मग हे बेट इंग्रजांचं कसं झालं? कुणी विकत घेतलं? आंदण दिलं? नाही. त्यासाठी माणसं मेली, आणि ती आपली माणसं होती.

डिसेंबर 1774. पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यायला येतंय अशी खबर मुंबईच्या इंग्रजांना लागली. त्यांच्याआधी आपणच हात मारावा म्हणून जनरल गॉर्डनची फौज ठाण्याच्या किल्ल्यावर चालून गेली. पैसे देऊन किल्ला मिळवायचा प्रयत्न आधी झाला होता, तो फसला होता. आठवडाभर तोफा चालल्या. 27 तारखेला इंग्रजांनी खंदक बुजवायचा प्रयत्न केला, तेव्हा आतल्या शिबंदीने त्यांना मोठं नुकसान सोसायला लावून मागे रेटलं. इंग्रजांचा आरमारी अधिकारी कमोडोर वॉटसन याच वेढ्यात कामी आला. 28 तारखेला पुन्हा एल्गार झाला, तट पडला, आणि आतल्या बहुतेक शिबंदीची कत्तल झाली. वाकोल्याची जमीन त्या दिवशी गेली.

आणि पुण्यात तेव्हा काय चाललं होतं? 30 ऑगस्ट 1773ला शनिवारवाड्यात नारायणरावाचा खून झाला होता. एका बाजूला रघुनाथराव, दुसऱ्या बाजूला बारभाई, आणि मध्ये जेमतेम आठ महिन्यांचा पेशवा. दौलत स्वतःशीच लढत होती. ठाण्याच्या तटावर माणसं मरून पुरते अडीच महिनेही झाले नव्हते, तोच 6 मार्च 1775ला रघुनाथरावाने सुरतेला इंग्रजांशी तह केला आणि वसईबरोबर साष्टीही त्यांना लिहून दिली. पेशवेपद मिळावं म्हणून! ज्या मातीवर शिबंदीचं रक्त वाळलं नव्हतं, तीच माती. राघोबाला आपण ‘अटकेपार झेंडे लावणारा’ म्हणून मिरवतो. अटकेचं श्रेय त्याला जरूर द्या, पण सुरतेची सही त्याच दमात सांगा.

बारभाईंना सोडायचं कारण नाही. वर्षभराने पुरंदरच्या तहात त्यांनीही साष्टी इंग्रजांकडेच राहू दिली. जानेवारी 1779मध्ये वडगाव मावळात इंग्रज फौज कोंडीत सापडली आणि साष्टी परत करायचं कबूल करून सुटली. मुंबईला पोचल्यावर तो शब्द वाऱ्यावर गेला. 1782च्या सालबाईच्या तहाने तर प्रकरण कायमचंच मिटलं. ठाण्याच्या शिबंदीने जे जीव देऊन राखायचा प्रयत्न केला, ते नेत्यांनी कागदावर दोनदा सोडलं, एकदा जिंकलं आणि शेवटी पुन्हा सोडलं.

पानिपतालाही हीच फूटपट्टी लावा. सदाशिवरावभाऊंच्या डावपेचांवर खुशाल वाद घाला, पण ते रणातून हलले नाहीत, म्हणून त्यांना माझा मुजरा. नानासाहेब पेशव्यांना तो नाही. डिसेंबर 1760च्या अखेरीस उत्तरेत फौज दाण्याला महाग झाली होती आणि पेशवे पैठणला नवं लग्न लावत होते. 14 जानेवारीला जे झालं त्याचा शोक त्यांना झाला हे खरं, त्या शोकातच ते गेले. पण शोक म्हणजे कुमक नव्हे.

त्या मैदानावरची दोन नावं वाकोल्यात मोठ्याने घ्यायला हवीत, कारण इथे मशिदीची बांग, चर्चची घंटा आणि देवळातली आरती एकाच वस्तीत ऐकू येते. पहिलं इब्राहिमखान गारदी. धर्म एक असूनही तो अब्दालीकडे गेला नाही. पेशव्यांच्या तोफा आणि पलटणी शेवटपर्यंत लढवल्या, जखमी अवस्थेत पकडला गेला आणि मारला गेला. दुसरं राणेखान, साधा भिस्ती. पायाला जबर जखम झालेल्या महादजी शिंद्यांना त्याने उचलून जिवंत दक्षिणेत आणलं, अशी परंपरा आहे. अकरा वर्षांनी, 1772 साली, महादजींनी दिल्लीत बादशहाला गादीवर बसवलं. आमच्या लेकरांना या दोघांची नावं ठाऊक नसतील तर दोष लेकरांचा नाही.

भोकरदनजवळचं असई घ्या. 23 सप्टेंबर 1803. लढाईच्या आधीच शिंद्यांच्या नोकरीतले कित्येक युरोपियन अधिकारी इंग्रजांना जाऊन मिळाले होते. गोलंदाज मात्र तोफा सोडून हलले नाहीत, तोफांपाशीच कापले गेले. पुढे वॉटर्लू जिंकणारा वेलस्ली आयुष्याच्या शेवटापर्यंत असईला आपली सर्वांत चांगली लढाई मानत होता. शत्रूने ती लढाई एवढी मोठी मानली ती या गोलंदाजांमुळे. आपल्याला त्यातल्या एकाचंही नाव सांगता येत नाही.

नेसरीला प्रतापराव गुजर सहा स्वारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ते कुसुमाग्रजांच्या शब्दांनी आणि लताबाईंच्या आवाजाने घरोघरी पोचलं. फार चांगलं झालं. ठाण्याच्या शिबंदीला कवी मिळाला नाही, म्हणून तिचं मरण हलकं ठरत नाही.

ठाण्याचा तो किल्ला आज मध्यवर्ती कारागृह आहे. क्रांतिकारक अनंत कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना 19 एप्रिल 1910ला तिथेच फाशी झाली. एकाच तटाच्या आत दोन पिढ्यांचं रक्त सांडलं आहे. त्यातल्या दुसऱ्या पिढीची नावं आपण जपली, पहिलीची जपली नाहीत.

वाकोल्यातल्या मंडळांना माझी विनंती आहे. डावरी नगर असो की दत्त मंदिर रस्ता, यंदा गणपतीच्या देखाव्यात ठाण्याचा किल्ला उभारा. खंदक दाखवा, तोफा दाखवा, 28 डिसेंबर 1774 ही तारीख मोठ्या अक्षरांत लिहा. शेजारी सुरतेचा तह आणि त्यावर सही करणाऱ्याचं नावही लिहा. दिवाळीत पोरं मातीचा किल्ला करतात, त्यांना या वर्षी रायगडाबरोबर ठाणंही करायला सांगा, आणि मावळ्यांच्या रांगेत एक भिस्ती ठेवायला विसरू नका.