धुळीचा वशिला

मिरचीच्या हंगामात नंदुरबारला उतरलेला नवा माणूस आधी शिंकतो, मग पत्ता विचारतो. पथाऱ्यांवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानांवर, लाल मिरची वाळत पडलेली असते आणि वारा जरा फिरला की अख्ख्या वस्तीला ठसका लागतो. आमच्यातले काही कौतुकानं सांगतात, 'हा तर आमच्या गावचा सेंट!' हे सांगणारा सहसा पथारीवर मिरची उलथायला जात नाही.

परवा अशाच एका सेंटप्रेमी मित्रानं मोबाइल पुढे केला. अमेरिकेच्या सैनिकांना म्हणे युरेनियमच्या धुळीनं आतून पोखरलं. बिचारे, म्हणून तो हळहळला. हळहळता हळहळता शिंकला.

ही धूळ डिप्लीटेड युरेनियमची. अणुभट्टीच्या कामाचा अंश काढून घेतला की मागे उरतं ते. शहाद्याच्या ऊसवाल्यांना सांगायचं तर रस गेला, चिपाड राहिलं. फक्त हे चिपाड शिशाच्या दीडपटीहून जड. म्हणून रणगाडा फोडायच्या गोळ्यांत ते घालतात. गोळी आदळली की ते पेटतं आणि त्याची बारीक धूळ उडते. १९९१ च्या आखाती युद्धात असं सुमारे ३०० टन वापरलं गेलं. सैनिक घरी परतले ते थकवा, सांधेदुखी, विसराळूपणा घेऊन. बोट धुळीकडे गेलं.

आणि मग धुळीची चौकशी झाली, ती कशी! आपल्याच बाजूच्या गोळ्यांनी जखमी झालेले, अंगात या धातूच्या किरच्या राहिलेले सैनिक बाल्टिमोरच्या डॉक्टरांनी १९९३ पासून नजरेखाली ठेवले. वर्षानुवर्षं त्यांची लघवी तपासली. तिच्यात युरेनियम उतरतच राहिलं, पण ज्या मूत्रपिंडांची धास्ती होती ती काही मोठीशी बिघडलेली सापडली नाहीत. २०२१ साली दीडशेवर माजी सैनिकांची लघवी अतिसूक्ष्म यंत्राखाली गेली. आजारी आणि धडधाकट यांच्यात या धुळीचा फरक काही दिसेना. संशय आता सरीन या विषारी वायूवर आहे. मार्च १९९१ मध्ये खमिसिया इथला इराकी दारूगोळा अमेरिकी सैनिकांनीच उडवून दिला होता आणि त्यात सरीनची रॉकेटं होती. हे पेंटॅगॉनच्या तोंडून बाहेर पडायला १९९६ उजाडलं. सरकार तिथलंही सरकारच!

तर सैनिकांच्या या आजाराच्या खटल्यात युरेनियम जवळजवळ सुटलं. पण सुटायलासुद्धा फाइल लागते. कोण सैनिक, कुठल्या तुकडीत, हे लिहून ठेवलेलं होतं म्हणून तीस वर्षांनी कुणाला बोलवायचं ते कळलं.

आता आमच्या शेजारची धूळ घ्या. धडगावच्या डोंगरातून नर्मदेपलीकडे पाहिलं की अलिराजपूर. तिथले, झाबुआचे, धारचे आदिवासी मजूर गुजरातेत गोध्रा-बालासिनोरकडे गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत गेले. ती पांढरी भुकटी फुप्फुसात बसली की फुप्फुस निबर होत जातं. औषध नाही. सिलिकोसिस म्हणतात त्याला, आणि दवाखान्यात कित्येकदा क्षयाच्या गोळ्या हातावर पडतात. या धुळीचा गुन्हा केव्हाच शाबीत झालाय. शास्त्रज्ञांत तंटा नाही, यंत्राची गरज नाही. तरी २३८ मृतांच्या वारसांना ३-३ लाख रुपये द्या, असं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१० साली सांगितलं, आणि 'द्या म्हणजे द्या' हे सर्वोच्च न्यायालयाला ४ मे २०१६ रोजी सांगावं लागलं. माणूस मेला, हे सगळ्यांना मान्य. पण तो त्याच कारखान्यात होता कशावरून? हजेरीपट दाखवा!

शंकास्पद धुळीच्या मागे तीस वर्षं प्रयोगशाळा, आणि शाबीत धुळीच्या मागे विधवा. धुळीलाही वशिला लागतो, बुवा.

मिरचीवर मी काही आरोप करत नाही. तिखटानं नाक-घसा चरचरतो, डोळे गळतात, एवढं तर घरी फोडणी करपली तरी कळतं. हंगामभर रोज आठ-दहा तास तोंडाला फडकं गुंडाळून तिच्यात बसलं तर काय होतं, ते युरेनियमसारखं तपासून हवंय. सुटली निर्दोष तर मीच पेढे वाटीन.

मित्राला हे सांगितलं. तो म्हणाला, 'अरे, आपली मिरची नैसर्गिक!' गारगोटीही नैसर्गिकच, म्हटलं. त्यानं मोबाइल खिशात घातला.

तशी पथारीवर तपासणी कडक असते. ओलावा किती, रंग कसा, देठ राहिलाय का, हे पाहिल्याशिवाय मिरचीचा भाव ठरत नाही. देठ खुडणारी बाई खोकून खोकून दोन दिवस आली नाही, तर तिचीही नोंद होते. मुकादमाच्या वहीत, तिच्या नावापुढे : खाडा, २.